वीस हजारांची चौपट

पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसलेली ती बाई आजही जशीच्या तशी आठवते. शहापूर तालुक्यात किन्हवलीकडच्या एका वाडीची. पदराखाली प्लास्टिकच्या पिशवीत सरकारी बचतपत्रं. नवरा खाणीत दगावला तेव्हा भरपाईचे मिळालेले वीस हजार तिने मुरबाडच्या एका एजंटामार्फत त्यात घातले होते. सतरा वर्षं झाली तरी पोस्ट चाळीसच हजार देतंय, ही तक्रार.

"साडेआठ वर्षात दुप्पट बोलला व्हता, सायब. मंग सतरा वर्षात चौपट नाय व्हत? शेळीला पिल्लू, पिल्लाला पिल्लू, तसंच ना?"

हिशेब मलाही पटला. पोस्टमास्तर म्हणाले, मुदत संपली की वाढ संपली. पुढे थोडे दिवस किरकोळ व्याज. मग उरलेले चाळीस हजार खाल्ले कोणी? खरं तर प्रकरण दिवाणी. ग्राहक मंचाचा रस्ता दाखवून मोकळं व्हायला हवं होतं. पण ती म्हणाली, "गुडघे गेले माझे. एक खोली बांधीन नि घरीच ऱ्हाईन. औंदा भट्टीवर जायचं नाय."

त्या वाडीतले सगळे दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तिच्या मुलाला दोन वर्षांपूर्वी मीच वॉरंटवर भट्टीवरून उचलून आणला होता. साक्षीचं समन्स बजावूनही तो कोर्टात हजर झाला नव्हता. त्यामुळे तिच्यापुढे मला जरा अवघडल्यासारखं होत होतं.

तेवढ्यात खबऱ्याने कानावर घातलं, एजंटाने घरावर मजला चढवलाय. झालं! सुतावरून स्वर्ग गाठायला पोलिसाला वेळ लागत नाही. एजंटाला आणून दिवसभर बाकावर बसवला.

साठीचा माणूस, रडकुंडीला आलेला. "मजला मुलाच्या पगारातून चढलाय, साहेब."

"पैसे राहू द्या म्हणालात की नाही हिला?"

"म्हणालो. मुदतीच्या आत काढू नका म्हणालो. मुदत भरली तेव्हा वाडीवर गेलो, तर दाराला काटेरी फांदी लावलेली. माणूस नाही. मग पत्र टाकलं."

बाई म्हणाली, पत्र आलंच नाही. मला दोघंही खरं बोलताहेत असं वाटत होतं, आणि दोघंही खरं बोलत असतील तर गुन्हा कुठाय?

शेवटी माझा हवालदार म्हणाला, "साहेब, वाडी रिकामी असली की तिचं टपाल पोलीस पाटलाकडे जातं."

आम्ही पाटलांकडे गेलो. त्यांनी माळ्यावरून धुळीने भरलेला गठ्ठा काढला. "माणसं आली की देतो, साहेब. एखादं राहून जातं."

एजंटाचं पत्र त्यात होतं, न फोडलेलं. त्याच्या वर आमच्याच ठाण्याने बजावायचं कोर्टाचं समन्स होतं, बाईच्या मुलाच्या नावाचं. आमच्या शिपायाने ते पाटलांच्या हाती ठेवून 'बजावले' असा शेरा मारला होता, आणि मी न विचारता त्याखाली सही केली होती.

एजंटाची मी माफी मागितली. जड गेलं. बाईचा दावा पुढे मंचापुढे गेला आणि नियमावर बोट ठेवून फेटाळला गेला. चाळीस हजारांत विटांच्या भिंती उभ्या राहिल्या, छपराला काही उरलं नाही.

यात चोर कोण, हे मला अजून सांगता येत नाही. कागद पोचला की माणसाला कळलं, असं मी नोकरीभर धरून चाललो होतो. त्या मुलाला भट्टीवरून ओढून आणताना तो सांगत होता, "सायब, मला ठाऊकच नाय." मी ऐकलं नव्हतं. त्याची लाज वाटते.

दिवाळी झाल्यावर बाई डोक्यावर गाठोडं घेऊन ठाण्यात आली.

"सायब, आमी चाललो भट्टीवर. आमच्या नावाचा काय कागद असंल तर आत्ताच द्या."

मी ठाणे अंमलदाराला टपालाचं कपाट उघडायला सांगितलं.