गोविंदाभाऊंच्या पऱ्हाट्या

तालुक्याच्या कॉलेजात, जिथे पूर्वी क्रिकेटचे फाटके पॅड ठेवत, त्या खोलीत आता कार्बनची प्रयोगशाळा आहे. सहा वर्षांपूर्वी सुरभी मॅडम अमरावतीहून इथे रुजू झाल्या तेव्हा प्रयोगशाळेत दोनच गोष्टी होत्या, एक टेबल आणि परिचर गोविंदाभाऊ. पैकी टेबल डुगडुगत होतं.

कापूस वेचून झाल्यावर शेतात कपाशीचं वाळकं झाड उरतं, ती पऱ्हाटी. गावात ती चुलीत जाते. मॅडम ती हवा न लागू देता सातशे अंशांवर भाजतात. मग तिच्या कोळशाला अशी बारीक छिद्रं पडतात की कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकालाही ती दिसत नाहीत. त्या छिद्रांत वीज साठवायची, हा सगळा खटाटोप. भट्टी आली, तिच्यातली हवा हुसकायला नायट्रोजनची टाकी आली. टाकीची चावी फिरवायला प्राध्यापक मंडळी जरा बिचकत. गोविंदाभाऊ मात्र म्हशीच्या पाठीवर मारावी तशी तिच्यावर थाप मारत आणि चावी सोडत. बोरी अरबच्या या चोपन्न वर्षांच्या माणसाची बोटं आता कायमची काळी झाली आहेत. घरी बायकोनं, शीलाकाकूंनी, त्यांचा टॉवेल वेगळा केला आहे.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी 'निवडक' म्हणून घरून आणलेल्या पऱ्हाट्यांचा कोळसा मशीनला जोडला आणि वीज साठवण्याचा आकडा आला तीनशे दहा. मॅडम खुर्चीवरून उठल्या. असा आकडा मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळांतही रोज येत नाही. विद्यापीठानं लगेच कळवलं, समिती येईल, आकडा पुन्हा काढून दाखवा, मग संशोधन केंद्राची मान्यता देऊ.

मान्यतेवर मॅडमची विद्यार्थिनी अर्पिता हिचं सगळं अडलं होतं. पोरगी बोरी अरबचीच, हुशार, पण कडेवर दीड वर्षाची मुलगी. केंद्र इथे झालं तर पीएचडी एसटीनं जाऊन-येऊन होणार. नाहीतर अमरावती, म्हणजे नाहीच.

गोविंदाभाऊंनी मनावर घेतलं. साहेब लोक येणार म्हणून नव्या पऱ्हाट्या निवडून आणल्या, तीनदा धुतल्या, सुकवल्या. आकडा आला एकशे ऐंशी.

"भट्टी बिघडली असेल," मॅडम म्हणाल्या.

भट्टी ठीक होती. गोविंदाभाऊंनी पुढच्या पऱ्हाट्या गरम पाण्यानं धुतल्या. एकशे पंच्याहत्तर. मग सालं काढून, ब्रश मारून, नव्या नवरीसारख्या नटवून भट्टीत घातल्या. एकशे सत्तर. समितीला आठ दिवस उरले.

"काका, माह्या नशिबातच नाही," अर्पिता म्हणाली.

"नशीब कायले मधात आणतं? पऱ्हाटी हाय न आपल्यापाशी."

रविवारी ते घरामागच्या ढिगापाशी जाऊन उभे राहिले. पहिल्या पऱ्हाट्या इथूनच नेल्या होत्या. ढिगावर चार बकऱ्या पाय दुमडून आरामात बसल्या होत्या. एक उठली, उभ्या उभ्या आपलं काम उरकलं आणि पुन्हा बसली.

"शीला, ह्या रोज अथीसाच बसते?"

"दोन वर्सं झाले. तुमाले आत्ता दिसल्या? घरात राह्यता का कालेजात?"

'निवडक पऱ्हाट्या' म्हणून मॅडमना दिल्या होत्या त्या ह्या! मॅडमनी त्यांच्यावर लेख लिहायला घेतला होता! सोमवारी ते दहा मिनिटं प्रयोगशाळेच्या दारातच चपला काढत बसले. सांगितलं तर सहा वर्षांची अब्रू जाणार. नाही सांगितलं तर अर्पिताचं लेकरू आणि अमरावती.

"मॅडम, गलती झाली. पहिल्या पऱ्हाट्या निवडक नोत्या. त्याच्यावर बकऱ्या बसत होत्या. नुसत्या बसत नोत्या."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कॉलेजात त्या कायम पुस्तकी मराठी बोलत, पण त्या दिवशी माहेरची बोली बाहेर पडली. "किती बकऱ्या?"

"चार, जी."

"अन् तुम्ही मले आत्ता सांगून राह्यले?"

"मले वाटलं, तुमी रागवान."

"भाऊ, मुतात युरिया असते, युरियात नायट्रोजन. तो कोळशात बसला, म्हणून आकडा चढला. तुम्ही धूऽऽन धूऽऽन त्यालेच नालीत सोडलं." मग त्यांना हसू आवरेना. अर्पिताही हसली, महिन्यात पहिल्यांदा.

त्याच दिवशी ढिगातल्या पऱ्हाट्या आणून भाजल्या. तीनशे चार. पण समितीला बकऱ्यांचं प्रमाण ग्रॅममध्ये सांगणार कसं? म्हणून धुतलेल्या पऱ्हाट्यांत दुकानातला युरिया मोजून कालवला, कधी कमी, कधी जास्त. चौथ्या खेपेला तीनशे अठरा आणि मग सलग तीनदा तेवढाच.

समितीत तिघे होते. त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर साहेबांनी आकडा आपल्या हातानं उतरवून घेतला आणि विचारलं, "युरियाची कल्पना कुणाची?"

मॅडमनी गोविंदाभाऊंकडे बोट दाखवलं. ते भिंतीला चिकटून उभे होते.

"कशी सुचली?"

"सुचली नाही, साहेब. घरी होत होती, आमचं ध्यान नोतं."

साहेबांनी ते वाक्य आपल्या वहीत लिहून घेतलं. अहवालात ते आलं नाही, मान्यता मात्र आली.

पत्र आलं त्या दिवशी अर्पितानं तिथेच, आता न डुगडुगणाऱ्या टेबलावर, पीएचडीचा अर्ज भरला. संशोधन केंद्राच्या रकान्यात कॉलेजचं नाव लिहिताना तिचा हात जरा थांबला, म्हणून मॅडमनी खिडकीबाहेर काहीतरी पाहिल्यासारखं केलं. चारच्या एसटीनं गोविंदाभाऊ आणि ती गावाकडे निघाले. लेकरापायी रात्री झालेल्या जागरणाचा शीण होता, पहिल्याच फाट्यानंतर अर्पिता अर्ज मांडीवर ठेवून झोपली. गोविंदाभाऊंनी तो अलगद काढून आपल्या पिशवीत सरळ ठेवला आणि पुढे वाकून ड्रायव्हरला म्हणाले, "बावा, गड्ड्यात जरा हळू घे. आमची डाक्टरीण झोपली हाय."