खड्ड्यावरच्या टाइल्स

नागपूरच्या ऑफिसात माझ्यासाठी टाळ्या वाजल्या, त्या दिवसाचा राग अजून गेलेला नाही.

काम होतं वाळवंटातल्या एका शहरातल्या बेचाळीस मजली इमारतीचं. अशा उंच इमारती कमी विजेत गार कशा ठेवायच्या, यावर जगभर प्रयोग चाललेत. कुठे काचेवर बाहेरून दुसरी कातडी चढवतात, कुठे उन्हाबरोबर उघडणाऱ्या-मिटणाऱ्या जाळ्या लावतात, कुठे वारूळ बघून हवेच्या वाटा काढतात. मी हे सगळं आवडीने वाचते, आणि त्यातलं गणित मला आमच्या ऑफिसातल्या कोणापेक्षाही चांगलं येतं. पवनीच्या विणकराची पोर आहे मी, घरातली पहिली ग्रॅज्युएट. मग सांगायला लाजायचं कशाला?

इमारतीच्या पश्चिम अंगाला मी भाजलेल्या मातीच्या नळ्यांचा पडदा सुचवला. नळ्यांतून पाणी झिरपत राहील, फटींतून येणारा कोरडा वारा गार होईल, एसीचं ओझं हलकं होईल. आकडेमोड बरोबर आली. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं की ही कल्पना सुचली कुठून. मी म्हणाले, परदेशातल्या एका इमारतीबद्दल वाचलं होतं. टाळ्या वाजल्या. डिझाइनच्या शीटवर कोपऱ्यात तो परदेशी संदर्भही लागला.

धडधडीत खोटं होतं ते. कल्पना आली होती माझ्या बाबांच्या मागाखालच्या खड्ड्यातून.

बाबा कोशाचं रेशीम, म्हणजे कोसा, विणतात. त्यांचा माग जमिनीलगत असायचा आणि बाबा पाय खाली खड्ड्यात सोडून बसायचे. कोशाचा धागा कोरड्या हवेत ताठरतो आणि तुटतो. म्हणून रोज सकाळी बाबा खड्ड्याच्या मातीच्या भिंतींवर पाणी शिंपडायचे, तळाला पसरलेले फुटक्या कवेलूंचे, म्हणजे कौलांचे, तुकडे भिजवायचे, खिडकीला ओलं बारदान लावायचे. खालून ओलावा चढायचा आणि वरचा ताणा, मागावरचे उभे धागे, नरम राहायचा. मे महिन्यात बाहेर रस्त्यावर पाय ठेववत नसे, तेव्हा मी त्या खड्ड्याच्या काठावर पाय सोडून दहावीचा अभ्यास केला आहे.

तो खड्डा मीच बुजवला.

लहानपणी आम्ही जवाहरनगरच्या फॅक्टरी वसाहतीत मावशीकडे जायचो. सरळ रांगेतले क्वार्टर आणि ओल्या फडक्याने पुसली की चमकणारी फरशी. आईला आयुष्यभर तसं घर हवं होतं. नोकरी लागल्यावर मी ते उभं केलं. मातीच्या भिंती पाडल्या, कवेलू उतरवले, स्लॅब टाकला, पांढऱ्या टाइल्स बसवल्या. बाबा म्हणाले होते, एवढा खड्डा राहू दे. मी त्यांना समजावलं की आता लोखंडी फ्रेमचा माग मिळतो, तो टाइल्सवरही उभा राहतो, गुडघ्यांना त्रास नाही. पदवी माझ्याकडे होती. बाबा गप्प बसले. ते गप्प बसले म्हणजे त्यांना पटलं, असं मी धरून चालले. कॉलेजात शिकलेली पोरं आपल्या बापांच्या बाबतीत हे असंच करतात.

पहिल्याच उन्हाळ्यात दहा वाजले की धागे तुटायला लागले. दुसऱ्या उन्हाळ्यात बाबांनी दुपारचं विणणं सोडलं. या वर्षी भंडाऱ्याच्या व्यापाऱ्याचा निरोप आला की मागावरचं हे कापडाचं थान महिनाभरात झालं नाही तर पुढचा कोसा दुसऱ्या घरी जाईल. म्हणजे माग बंद. चाळीस वर्षं चाललेला माग, माझ्या टाइल्समुळे.

हे मला टाळ्यांनंतरच्या शनिवारी घरी गेल्यावर कळलं. फोनवर कोणी सांगितलं नव्हतं. बाबा तुटलेली टोकं बोटांनी जोडत बसले होते. काही तरी बोलायचं म्हणून मी त्यांना फोनवर इमारतीचं चित्र दाखवलं, ओल्या मातीच्या नळ्यांचं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं.

"इतक्या वर पाणी कसं चढवतीन?"

मी पंपाचं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि फोन परत दिला.

"चांगलं केलं तू. त्यायच्या बिल्डिंगले माहा खड्डा देला, अन् माह्या खड्ड्यात टाइल्स टाकल्या."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला भांडता आलं असतं. मी शेजारून सब्बल आणली आणि जुन्या मागाच्या जागेवरची पहिली टाइल फोडली.

आई स्वयंपाकघरातून धावत आली.

"बाप्पा! येडी झाली काय वो? नवं घर कोणी फोडते? पुसू पुसू माहे हात गेले त्या टाइल्सवर."

मी थांबले नाही. खालचा कोबा फोडायला संध्याकाळ झाली. त्याखाली भरती होती आमच्याच जुन्या घराची, भिंतींची माती आणि कवेलू. बाबा काठावर उकिडवे बसले आणि चांगले तुकडे निवडून बाजूला रचायला लागले. आई बडबडत होती, पण टोपल्या तीच उचलत होती.

सोमवारी मी साहेबांना खरं सांगितलं. ते हसले. म्हणाले, गोष्ट छान आहे, पण पवनी कोणाला माहीत? परदेशी संदर्भच राहू द्या, क्लायंटला विश्वास वाटतो. मी तो खोडून 'खड्डामाग, पवनी, जिल्हा भंडारा' असं लिहिलं. त्यांनी ते काढलं. मी पुन्हा लिहिलं, त्यांनी पुन्हा काढलं. शाश्वत, नावीन्यपूर्ण असे मोठे मोठे शब्द आहेत त्या शीटवर. ज्याच्या पायाखालून ते उचलले, त्याच्या गावाला तिथे एक ओळ मिळत नाही. आणि साहेबांना काय बोलू? पहिलं खोटं तर माझंच होतं.

पुढच्या रविवारी जुना लाकडी माग माळ्यावरून उतरवून खड्ड्यावर बसवला आणि अर्धवट थान त्यावर चढवलं. बाबांनी तुकडे पसरले, पाणी शिंपडलं, पाय सोडून बसले. मी भिंतीला टेकून घड्याळ बघत होते. दहा वाजले. अकरा वाजले. बारालाही धागा शाबूत होता. एक वाजता वरचा स्लॅब तापून भट्टी झाला आणि पहिला धागा तुटला.

बाबांनी तो जोडला. मग मान वर करून स्लॅबकडे पाहिलं.

"खालचं झालं. आता वरचं पाहा, इंजिनियर बाई."

थानाचे चार हात बाकी आहेत आणि दिवस नऊ. नळ्यांची आकडेमोड मी आता आमच्या स्लॅबसाठी करते आहे.