दोन टनांचं शहाणपण

सौंदड गाव सोडलं त्या सकाळी ऑटोत बसण्याआधी हे एकदा बांधापर्यंत जाऊन उन्हाळी धान पाहून आले. मी गाद्या नीट बांधल्यात का, तेवढंच पाहत होते. पासष्टीची होते, म्हणजे अकलेनं कच्चीच. यांना दम्यानं घेरलं होतं. उन्हाळा कवेलूच्या छपराखाली काढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून शहरालगत कुडव्याला मुलाच्या घरी, वरच्या मजल्यावर आलो.

जावांनो, 'एसीत कसं वाटते बाई?' असं तुम्ही फोनवर विचारता. म्हणून लिहिते.

एसी निवडायचं काम मुलानं माझ्यावर सोपवलं. एसी लावणाऱ्या मिस्त्रीनं फितीनं खोली मोजली, पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहिला. मग म्हणाला, "माताजी, कमरे में सोते कितने लोग हैं?"

आपण भात टाकताना एक मूठ जास्तीची टाकतो, आलंगेलं जेवेल म्हणून. दोनच माणसं, असं खरं सांगायला जीभ वळेना. "पाच," मी म्हटलं. तो दीड टनाचा एसी म्हणाला. मी म्हटलं, "मंग दोन टनाचाच लावा. कमी कायले पडू द्या?" केवढी ती ऐट!

उन्हाळा निभावला. मृगानंतर हवा ओलसर झाली आणि माझ्या शहाणपणानं रंग दाखवला. खोली झटक्यात गार, की मशीन बंद. चादर दमट, उशी दमट. यांच्या छातीत शिट्टी वाजू लागली.

"मले गावी नेऊन दे व," हे म्हणाले. "मरनंच हाये तं घरी मरीन."

मी मिस्त्रीला पुन्हा बोलावून खरा आकडा सांगितला. तो हसला नाही, त्याचीच जास्त लाज वाटली. "मशीन बड़ी हो तो जल्दी ठंडा करके रुक जाती है. नमी खींचने का टाइम ही नहीं मिलता."

मोठी मशीन मुलाच्या हॉलमध्ये गेली. आमच्याकडं एक टनाची आली. ती संथ चालत राहते, बाहेर नळीतून पाणी ठिबकत राहतं. हळूहळू शिट्टी थांबली.

एका दुपारी मी वाळलेले कपडे आणायला गेले आणि दार उघडंच राहिलं. गावी आपलं दार दिवसा लागतं कुठं? कोंबडीसुद्धा न विचारता आत येते. यांनी डोळे न उघडताच म्हटलं, "दार लाव व. थंडावा जाऊन राहिला."

मी लावलं. कडी घालताना आठवलं, 'गावी नेऊन दे' म्हणणारे हेच.

घर आता हेच. तुम्ही याल तेव्हा कडी वाजवा. उघडीन, पण लवकर आत या.