बाळू डमी हातात देत नाही

सिंगापूरमध्ये कुणी बदकांची शिकार करत नाही. तरीही ईस्ट कोस्टच्या एका काँडोत राहणाऱ्या देवदत्त बोकिलांनी ध्यास घेतला होता, की फेकलेली डमी, म्हणजे बदकाच्या जागी वापरायची कॅनव्हासची एक भरीव पिशवी, आपल्या लॅब्रेडोरनं थेट हातात आणून द्यायची. कुत्र्याचं नाव बाळू. वय वर्षभराचं, अक्कल बेताची आणि दातांची पकड अशी हलकी, की अंडंसुद्धा फुटू नये.

हे शिक्षण मुळात त्यांच्या लेकीनं, निहारिकानं, सुरू केलं होतं. शिकारी जातीच्या कुत्र्याला त्याचं काम द्यायलाच हवं, असं तिचं म्हणणं. मग ती संशोधनासाठी एडिंबराला गेली आणि बाळूचा अभ्यास अर्ध्यावर राहिला. आता तिथे आणखी दोन वर्षं राहशील का, असं तिला तिथल्या विद्यापीठानं विचारलं होतं. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं. "बाळू शिकला का?" हे मात्र ती दर फोनला विचारायची. देवदत्तांनी मनाशी धरलं होतं, की एकदा तिनं बाळूला डमी हातात देताना बघितलं, की तिचा जीव इकडे ओढ घेईल. स्वतःच्या तोंडानं 'परत ये' म्हणणं त्यांना जमत नव्हतं. शिकत्या पोरीचा पाय ओढणारा बाप व्हायचं नव्हतं त्यांना.

म्हणून रोज ऑफिसआधी ते पार्कात जायचे. बाळूला लांब दोरी बांधायची, हिरवळीवर डमी फेकायची, व्हिडिओसाठी डाव्या हातात फोन धरायचा आणि उजवा पुढे करायचा. बाळू धावत जायचा, डमी अलगद उचलायचा, तडक परत यायचा आणि दोन पावलांवर थांबायचा. देवदत्तांच्या हाताकडे बघायचा आणि डमी गवतात टाकून मोकळा व्हायचा.

"तो तिची वाट बघतोय," त्यांची बायको अरुणा म्हणायची. "तू उगाच त्याच्या मागे लागलायस."

वाट तर देवदत्तही बघत होते, पण ते कुणाला दिसत नव्हतं.

रविवारी संध्याकाळी त्यांनी पार्कातूनच निहारिकाला व्हिडिओ कॉल लावला. बाळू आला, थांबला आणि डमी टाकली. निहारिका हसायला लागली.

"बाबा, एकच हात काय करतोस? टू हँड्स, लाह. मी दोन्ही हातांनी घ्यायचे ना."

खरंच की. पोर इथल्या शाळेत वाढलेली, बोलण्यात इथलं 'लाह' आणि देणं-घेणं दोन्ही हातांनी. देवदत्तांचं वळण घरचं, घ्यायचं ते उजव्या हातानं.

"मग फोन कोण धरणार?"

"ठेव ना खाली."

त्यांनी फोन गवतात ठेवला, डमी फेकली आणि दोन्ही हात पुढे केले. बाळू आला. या वेळी थांबला नाही. ओली, कोमट डमी त्यानं हातांत ठेवली आणि सोडली. देवदत्तांचे डोळे भरून आले. विमानतळावर लेकीला जवळ घेतलं होतं, तेही एकाच हातानं. दुसऱ्या हातात फोन होता.

"बाबा, दिली का त्यानं? मला नुसतं आभाळ दिसतंय."

"दिली. निहू, तू परत ये गं."

गवतातून आवाज आला.

"बाबा, मी राहते म्हणून कळवलं. शुक्रवारीच. तुला सांगवत नव्हतं."

"बरं केलंस," देवदत्त म्हणाले.

बाळू शेपूट हलवत उभा होता. त्यांनी डमी लांब फेकली आणि तो परत येईपर्यंत दोन्ही हात तसेच पुढे धरून ठेवले.