मंगळवारची बाटली

चिंतामणरावांचं काम ऐकलं की लोक नाक मुरडतात. मुरडू द्या! दर मंगळवारी सकाळी अकोल्यातल्या एका नाल्याच्या पुलाखाली उतरायचं, दोरीच्या डब्याने सांडपाणी काढायचं, बाटलीत भरून बर्फाच्या पेटीतून अमरावतीच्या प्रयोगशाळेत धाडायचं. वस्तीत करोना पुन्हा शिरला का, ते त्या पाण्यावरून लोक दवाखान्यात जाण्याआधीच कळतं. कॉलेजातली नोकरी संपल्यावर त्यांनी हे धरलं, तेव्हापासून भाऊबंद त्यांना पूजेला बोलवत नाहीत.

बायको कुंदा जाऊन दोन वर्षं झाली. घरात एक ताट, एक पेला. मंगळवारी संध्याकाळी मात्र प्रयोगशाळेतल्या रश्मी मॅडमचा फोन येई, "चिंतामणराव, बाटली भेटली बरं का." आठवड्यातला हा एकच फोन. त्यासाठी ते धुतलेला सदरा घालून बसत. वेडेपणाच म्हणा!

एका मंगळवारी अंग तापाने फणफणलं. पुलाखाली उतरायचं त्राण नव्हतं. बाटली गेली नाही तर फोन येणार नाही, या धास्तीने त्यांनी भलतंच केलं. स्वतःच्या घरामागच्या गटाराचं झाकण उचललं, बाटली भरली आणि वर नाल्याची चिठ्ठी डकवली. कोणाला कळतंय, असं म्हणून रिक्षाने पेटी अमरावतीच्या बसवर पोचवली.

फोन आला. पण शुक्रवारी नाल्याकाठच्या वस्तीत आरोग्यसेविका शिरल्या. पाण्यात विषाणू फार निघाला होता. दारोदार चौकशी सुरू झाली, ताप आहे का, खोकला आहे का. वस्तीतल्या गोदाबाईच्या भाजीच्या गाडीकडे कोणी फिरकेना. चिंतामणराव तोंडाला रुमाल बांधून लांबून पाहत होते. त्यांना लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर, त्या दारांचा हेवाही वाटला.

खरं सांगितलं तर काम जाणार, कामासोबत फोनही. तरी त्यांनीच फोन लावला.

"मॅडम, ते पाणी नाल्याचं नोतं. माह्या घरामागचं होतं. ताप होता मले."

"असं कावून केलं, चिंतामणराव? अख्खी वस्ती घाबरली ना!"

"बाटली गेली नसती, तर तुमी फोन केला नसता."

 मॅडम हळूच म्हणाल्या, "मले वर सांगावंच लागन. आता बाटली दुसरा कोणी भरन."

"हो, बाई."

दुसऱ्या दिवशी आरोग्यसेविका त्यांच्या दारात आली.

"ताप?"

"आहे."

"घरात माणसं किती?"

चिंतामणरावांनी उगाच मागे वळून पाहिलं. "एक," ते म्हणाले. "बसा ना जराशा." पण तिला अजून बरीच घरं करायची होती. गोळ्या देऊन ती गेली.

पुढच्या मंगळवारी ताप उतरला होता. त्यांनी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि फोन मांडीवर घेऊन बसले. दिवेलागण झाली तरी सदरा काढला नाही.