बेतायच्या टेबलावरचा संगणक

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईंनी नवऱ्याला आरंभशूर म्हणणंही आता सोडून दिलं होतं. सुरुवात करायला कसलं आलंय शौर्य, असं त्यांचं मत होतं.

गृहस्थ बस डेपोत वेळापत्रकं आखायचे. निवृत्त झाले त्याच आठवड्यात त्यांनी जाहीर केलं, की आपण आपल्या हातांनी छोटा संगणक बनवणार. तळहाताएवढा बोर्ड, वीतभर स्क्रीन आणि वर लाकडी पेटी. जागा म्हणून त्यांनी बाईंचं कपडे बेतायचं टेबल घेतलं. "आठच दिवस," म्हणाले. त्याला चार वर्षं होत आली. तेवढी वर्षं बाई जमिनीवर सतरंजी टाकून कापड बेतत होत्या आणि उठताना दाराची चौकट धरत होत्या. टेबलावर वायरींचा गुंता, चार कीबोर्ड आणि दोनच बाजू असलेली पेटी. एक ना धड, भाराभर चिंध्या. आणि चिंध्यांची निदान गोधडी तरी होते.

अशात दवाखान्याच्या मेट्रनबाईंनी नर्सेसचे साठ एप्रन शिवायला द्यायचं मनावर घेतलं. शुक्रवारी त्या जागा बघायला येणार होत्या. जमिनीवर बेतलेलं आमच्याकडे चालत नाही, हे त्यांनी फोनवरच सांगितलं. "टेबल आहे ना?"

"आहे," बाई म्हणाल्या. खोटं नव्हतं. चार वर्षांत त्याचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं, एवढंच.

फोन ठेवून त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, शुक्रवारच्या आत हे विका. नाहीतर भंगारवाल्याला हाक मारते."

"भंगार काय म्हणतेस? एकेक भाग चालू स्थितीत आहे."

"मग त्यांना म्हणावं, चालत बाहेर जा."

गृहस्थांनी वाण्याच्या दुकानात चिठ्ठी लावली: 'अपूर्ण संगणकाचे जुने सुटे भाग विकणे आहे. जुने असले तरी फारसे वापरलेले नाहीत.' वापरणार कधी, बाई मनात म्हणाल्या. पण सोमवारी चक्क रेडिओ दुरुस्त करणारा दारात उभा.

"काका, सगळंच घेतो. चालतं ना?"

शहाण्या माणसाने 'हो' म्हणून पिशवी पुढे केली असती. गृहस्थ म्हणाले, "तपासल्याशिवाय मी स्क्रूसुद्धा देणार नाही. गुरुवारी या."

बाईंनी ओठांत धरलेली टाचणी आधी बाहेर काढली, मग कपाळावर हात मारला.

पुढचे तीन दिवस तपासणी चालली. स्क्रीन तपासायची तर बोर्ड हवा. बोर्डाला वीज पुरवणारा डबा हवा. डब्याची एक वायर तुटलेली, तिला डाख द्यायला हवा. कीबोर्ड तपासायचा तर हे सगळं आधी जोडलेलं हवं. जे जोडायला माणसाला चार वर्षं पुरली नाहीत, ते विकायच्या निमित्ताने तीन दिवसांत जोडून झालं. गुरुवारी सकाळी स्क्रीनवर एक पांढरी रेघ लुकलुकू लागली.

"अगं, झाला," गृहस्थ कुजबुजले. "आता विकायचा कशाला? पेटीच्या दोन बाजू राहिल्यात फक्त. आठच दिवस."

पालथ्या घड्यावर बाईंनी आयुष्यभर पाणी ओतलं होतं, आज हात दुखत होते. तेवढ्यात रेडिओवाला आला. लुकलुकणारी रेघ पाहून तो खरोखर खूश झाला.

"वा काका. हा करतो काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे चालू झाल्यावर काय करतो?"

गृहस्थांनी रेघेकडे पाहिलं. जगातल्या साऱ्या बसगाड्या कुठे आणि किती वाजता जातात हे ज्यांनी तीस वर्षं लिहिलं, त्यांनी हा एक विचार केलाच नव्हता. "चालू होतो," ते म्हणाले. "आणि मग... बंद करता येतो."

"त्यासाठी आमच्याकडे दिवा आहे," बाई म्हणाल्या.

रेडिओवाला हसू दाबत भिंतीकडे बघू लागला. गृहस्थ कानापर्यंत लाल झाले. बाईंना दया आली नाही असं नाही. पण दयेवर साठ एप्रन बेतता येत नाहीत. त्यांनी पांढऱ्या कापडाचा तागा उचलला आणि टेबलाच्या एका टोकाकडून उलगडायला सुरुवात केली. कापड कीबोर्डपाशी आलं तशी गृहस्थांनी वायर उपसून कीबोर्ड उचलला. बोर्डापाशी आलं, बोर्ड उचलला. रेघ विझली. रेडिओवाल्याच्या पिशवीत एकेक भाग जात राहिला आणि बाईंनी हात जराही थांबवला नाही.

शेवटी स्क्रीन तेवढी छातीशी धरून गृहस्थ टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहिले.

"ही कुठे ठेवू?"

"त्यांच्या पिशवीत," बाई म्हणाल्या, "आणि तिथे उभेच आहात तर कापडाचं ते टोक ताणून धरा."