ताईंना बघायला पाहुण्या आल्या

अक्षर गिचमिड आहे, ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. वही माझी, वाचणारीही मीच, तरी आधीच माफी मागून ठेवते.

भांडुपला आमच्या चाळीच्या हॉलमध्ये दुपारी बायकांचा वर्ग भरतो. माझी शाळा चौथीत सुटली, ती भागाकारापाशी. आता तो शिकायचाच म्हणून मी नाव घातलं. पण आमच्या ताई फळा भराभर पुसायच्या. माझं अर्धं उतरवून होईस्तोवर फळा कोरा. सांगायचं धाडस नव्हतं.

एकदा ताई म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात दुसऱ्या वर्गांच्या दोन शिक्षिका माझं शिकवणं बघायला येणार आहेत. त्याआधी तुम्हीच सांगा, माझं काय चुकतं? मिळून सुधारू."

"काय पण चुकत नाही!" सगळ्या एका सुरात. माझे नुसते ओठ हलले. ताई रोज विचारायच्या, आम्ही रोज तेच सांगायचो.

ताईंच्या माघारी मालवणी काकू म्हणाली, "बघूक येतत म्हणजे लग्नाच्या चेडवाक बघूक येतत तशाच. आपण मुलीकडची माणसा. खोट काढूची नाय." सगळ्यांना पटलं. मलासुद्धा.

त्या दिवशी पोहे आले, वर खोबरं-कोथिंबीर. पाहुण्या मागे माझ्या बाजूला बसल्या. काकूने बशा पुढे केल्या. "आमच्या ताई एकदम शांत हां. घरचं पण सगळं करतात." मासळी विकणारी मावशी म्हणाली, "उंचीला कमी वाटतात, पण चपला बाहेर काढल्यात ना." ताईंचे कान लाल.

मग त्यांनी भागाकार मांडला. मी पुढचा आकडा खाली आणत होते, तेवढ्यात ताईंनी डस्टर उचललं.

"थांबा!"

आवाज माझाच होता. काकूने कोपर मारलं. "बोंब कित्याक मारतंस गो? जमलेला मोडतलंस!"

"माझं उतरवून नाही झालं," मी मान खाली घालून म्हटलं. "रोजच नाही होत."

ताई खुर्चीत बसून हसायलाच लागल्या. "आठवडाभर मी हेच विचारत होते ना गं!"

मग काय, सगळ्यांचीच तोंडं उघडली. "फळ्याकडे बघून बोलता, ऐकू येत नाही." मावशी तर उभीच राहिली. "आणि अक्षर एवढं बारीक, त्यापेक्षा कोळंबीची मिशी जाड!" पाहुण्या भराभर लिहीत होत्या. काकू पुटपुटली, "वाट लागली."

ताईंनी डस्टर खाली ठेवलं. "तुझं होऊ दे."

सगळा वर्ग माझ्यासाठी थांबला. पाचाने भागायचं होतं आणि माझी बाकी उरली सात. "पाच अजून एकदा जातात," बाजूची पाहुणी पोहे खाता खाता हळूच म्हणाली. मी खोडलं, परत मांडलं. बाकी दोन. बरोबर आलं.